ब्रिटनचा कायदा आणि आपला कायदा

ब्रिटनने 2008 मध्ये हवामान बदल कायदा केला. 1990 च्या तुलनेत 2050 पर्यंत हरितगृह वायूंचं उत्सर्जन 80 टक्के घटवायचं, हे त्यात लिहिलं होतं. 2019 मध्ये ते उद्दिष्ट निव्वळ शून्यावर नेलं, म्हणजे जेवढं उत्सर्जन होईल तेवढंच हवेतून परत शोषलं जावं. पण खरी ताकद आहे ती दर पाच वर्षांच्या कार्बन बजेटमध्ये, म्हणजे त्या काळातल्या एकूण उत्सर्जनाच्या कायदेशीर मर्यादेत. स्वतंत्र समिती संसदेपुढे प्रगतीचा हिशेब मांडते आणि सरकार चुकलं तर नागरिक न्यायालयात जातात. 2022 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सरकारचा आराखडा याच कायद्यावर बोट ठेवून अपुरा ठरवला.

आपल्याकडे 2070 चं निव्वळ शून्य 2021 च्या ग्लासगो हवामान परिषदेत जाहीर झालं, पण ते कोणत्याही कायद्यात नाही. 2022 ची ऊर्जा संवर्धन कायद्यातली दुरुस्ती कार्बन क्रेडिटच्या व्यापाराला वाट करून देते. उद्योगांना ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्सर्जन केल्यास क्रेडिट विकता येतं. मर्यादा मात्र उत्पादनाच्या दर एककामागे आहे. उत्पादन वाढलं की एकूण धूर वाढू शकतो.

विकसनशील देशाला ही सवलत हवीच, हे मला पटतं. पण सरकारला जाब विचारणारी तशी स्वतंत्र समिती आपल्यालाही हवी. 2024 मध्ये माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाबाबतच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क मान्य केला. त्या हक्काला कायद्याचा आधार संसदेनेच द्यायला हवा.