'निन्जा स्क्रोल': आधी 94 मिनिटांचा सिनेमा की 13 भागांची मालिका?

"मालिका थेट सुरू केली तर चालेल का?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, तुला जुबेईची गोष्ट हवी आहे की निन्जांच्या मारामाऱ्या? उत्तर काय येतं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

'निन्जा स्क्रोल' हा जपानी ॲनिमेशन सिनेमा, आणि त्याच नावाची पुढे आलेली मालिका. दोन्हीकडे नायक एकच, जुबेई किबागामी. कुणाच्या चाकरीत नसलेला, पैसे घेऊन तलवार चालवणारा भटक्या. स्टुडिओही एकच, मॅडहाउस. पण 1993 चा सिनेमा योशिआकी कावाजिरीने स्वतः लिहिला आणि स्वतःच दिग्दर्शित केला, तर 2003 ची मालिका तात्सुओ सातोकडे गेली. नाव, पात्रं, विचित्र ताकदीचे शत्रू हे सगळं मालिकेत आलं. आलं नाही ते कागेरोचं दुःख, आणि माझ्यासाठी सिनेमा म्हणजे तेच.

कागेरो ही कोगा नावाच्या निन्जा गटातली मुलगी. मालकाचं अन्न आधी चाखून बघणं हे तिचं काम. विष खात खात तिचं अंगच विषारी झालंय, जो जवळ येईल तो मरेल. आपल्याला विषकन्या ऐकून माहीत असते, पण तिथे ती राजकारणाचं हत्यार असते. इथे ते विष अंगात वागवत जगणाऱ्या बाईची बाजू दिसते. त्यात म्हातारा सरकारी हेर दाकुआन जुबेईला हळूहळू भिनणारं विष टोचतो आणि उताऱ्याचं आमिष दाखवून त्याला कामाला जुंपतो. पुढे कळतं की जुबेईच्या विषावर उतारा आहे तो कागेरोच्या देहातल्या विषाचा. ती त्याच्या जवळ यायला तयार असते, तो नाही म्हणतो. ज्याला एकेक दिवस मोजावा लागतोय तो माणूस नाही म्हणतो, आणि तिच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माणूस म्हणून बघतं. तलवारबाजीच्या सिनेमात इतकं हळवं काही येईल, असं मला वाटलं नव्हतं.

मारामाऱ्यांचं म्हणाल तर बांबूच्या बनातलं द्वंद्व बघाच. समोर मुजुरो, आंधळा पण कसलेला तलवारबाज. हिरवा उजेड, सरळ उभे बांबू, पात्यावरून उसळून डोळ्यांत घुसणारी तिरीप. दोघं बराच वेळ नुसते एकमेकांचा अंदाज घेत राहतात. निकाल लागतो तो बांबूत रुतून बसलेल्या एका लहानशा पात्यामुळे, आणि ते पातं कागेरोचं असतं. सिनेमात लढाई आणि गोष्ट अशी एकमेकींत गुंतलेली आहे. किमोनचे आठ सैतान, म्हणजे विचित्र ताकदीचे शत्रू निन्जा, एकेक करून समोर येतात, पण प्रत्येकाशी झालेली झुंज जुबेई आणि कागेरोला थोडं जवळ आणते किंवा थोडं तोडते.

मालिकेत कथा नवी आहे. ड्रॅगन स्टोन नावाचं एक रत्न मरत्या माणसाकडून जुबेईच्या हाती येतं. ते शिगुरे नावाच्या मुलीला पोचवायचं असतं. तिचं गाव बेचिराख झालेलं, आणि किमोन व हिरुको या दोन कुळांचा त्या रत्नावर डोळा. सोबतीला त्सुबुते हा चोर आणि आपला दाकुआन. प्रवासाची गोष्ट म्हणून हे चांगलं आहे. जमत नाही ते असं, की बहुतेक भागांत नवा विचित्र निन्जा येतो, त्याची करामत दाखवतो आणि शेवटी जुबेई येऊन त्याला कापतो. पुढच्या भागात पुन्हा तेच. कित्येकदा जुबेई स्वतःच्याच मालिकेत पाहुण्यासारखा वाटतो. चित्रंही 2003 च्या डिजिटल रंगांची, सपाट. सिनेमातली हाताने रंगवलेली काळीनिळी रात्र इथे शोधू नका. संगीत मात्र कानाला धरून ठेवतं. कितारो या जपानी संगीतकाराचं सुरुवातीचं संगीत मी एकदाही पुढे ढकललं नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती न कळता सिनेमा लावून मनस्ताप झालेली माणसं मी पाहिली आहेत. सिनेमा फक्त प्रौढांसाठी आहे. रक्तपात आहेच, पण सुरुवातीलाच तेस्साई हा दगडी कातडीचा राक्षस कागेरोवर लैंगिक अत्याचार करतो, आणि ते प्रसंग लांबवलेले आहेत. कथेत कागेरोच्या अंगातल्या विषाचा पुढे उपयोग होतो हे खरं, तरी इतकं दाखवायची गरज नव्हती, असं माझं मत पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही होतं आणि आजही आहे. ज्यांना हे सोसणार नाही त्यांनी सिनेमा सोडून थेट मालिका बघावी. मारकाट मालिकेतही आहे, मुलांसोबत बसून बघण्यासारखी तीही नाही, पण इतकी अंगावर येत नाही. आणि सिनेमा न बघता तिची गोष्ट नीट समजते.

बाकी सगळ्यांना मी सिनेमाच सांगेन. एक संध्याकाळ पुरते. मालिकेला पाच तास लागतात, त्यामुळे ती हप्त्याने बघा, रोज एक भाग. सलग बसलात तर त्या ठरीव साच्याचा कंटाळा येईल. तीन भागांनंतर शिगुरेचं काय होतंय याची उत्सुकता वाटली तर पुढे जा, नाहीतर तिथेच थांबा.

दोन्ही बघायचं ठरवलं असेल तर क्रम उलटा करू नका. मालिकेतला दाकुआन गोड बोलून पुन्हा कामाला लावू बघतो, तेव्हा सिनेमा पाहिलेल्या माणसाला तो विषाचा सगळा प्रकार आठवतो आणि त्याच्या हसण्यावर विश्वास बसत नाही.