‘रिप्ली’ की ‘तेलगी’? ठगाची मालिका निवडताना

ठगाची गोष्ट सांगणारी, सावकाश मुरत जाणारी मालिका शोधत असाल तर दोन नावं कानावर येतील. एक नेटफ्लिक्सवरची ‘रिप्ली’ (२०२४), दुसरी सोनी लिववरची ‘स्कॅम २००३ : द तेलगी स्टोरी’ (२०२३). नाशिकमध्ये राहणाऱ्याचा ओढा दुसरीकडे असणार, कारण बनावट स्टॅम्प पेपर विकणाऱ्या अब्दुल करीम तेलगीच्या या कथेचा एक मोठा धागा, खरे स्टॅम्प पेपर छापणाऱ्या आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमधून जातो. तरीही एकच बघण्याइतका वेळ असेल तर मी ‘रिप्ली’ लावायला सांगेन. दोन्हीकडे ठगाचं हत्यार एकच आहे, कागद. त्या कागदावरचं काम किती दाखवायचं, इथे दोघींच्या वाटा वेगळ्या होतात आणि तुमची आवडही तिथेच ठरेल.

‘रिप्ली’ची कथा १९६१ च्या आसपासची. टॉम रिप्ली न्यूयॉर्कमध्ये टपालाने खोट्या वसुलीच्या नोटिसा पाठवून लोकांचे चेक लाटतो. एक श्रीमंत उद्योजक त्याला इटलीत पाठवतो, तिथे मजेत राहणाऱ्या आपल्या मुलाला, डिकीला, समजावून परत आण म्हणून. अमाल्फी किनाऱ्यावरच्या आत्रानी गावात टॉम पोहोचतो. डिकीची मैत्री त्याला पुरत नाही, डिकीचं आयुष्यच हवंसं वाटू लागतं. पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या १९५५ च्या कादंबरीवरून स्टीव्हन झेलियन यांनी ही मालिका लिहिली आणि आठही भाग स्वतःच दिग्दर्शित केले. सगळं एकाच हातातून उतरल्याचं पावलोपावली जाणवतं.

गुन्हा क्षणात होतो, पण तो लपवायला केवढे कष्ट पडतात, हे इतक्या बारकाईने मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिलेलं नाही. टॉम दुसऱ्याची सही गिरवतो, दुसऱ्याच्या नावाने पत्रं टाइप करतो. बँकेत कारकून सही पडताळत असतो तेव्हा आपलाच जीव टांगणीला लागतो. पार्श्वसंगीत फारसं मदतीला येत नाही. टॉम जिने चढतो, उतरतो, दमतो, पुन्हा चढतो. रोममधल्या इमारतीतली लिफ्ट आणि तिथली सगळ्यावर नजर ठेवून बसलेली मांजर, ही जणू कथेतली पात्रंच आहेत. ज्यांना हे रेंगाळणं वाटेल, त्यांना आठ भाग जड जातील. मला त्यातच मालिकेचा प्राण दिसतो, कारण ठगाला प्रत्येक छोट्या खोट्याची किंमत मोजताना आपण डोळ्यांनी बघतो.

अँड्र्यू स्कॉट टॉमच्या भूमिकेसाठी वयाने मोठा आहे, अशी तक्रार होते. कादंबरीतला टॉम पंचविशीचा आहे, हे खरं. पण चाळिशी ओलांडलेला, कुठेच काही न जमलेला माणूस जेव्हा दुसऱ्याचा कोट घालून आरशापुढे उभा राहतो, तेव्हा त्याची हाव जास्त बोचते. मला ही निवड फार योग्य वाटली.

मालिका पूर्ण कृष्णधवल आहे. झेलियन यांना दिग्दर्शनासाठी आणि रॉबर्ट एल्सविट यांना छायाचित्रणासाठी टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला, ते पडदा पाहिला की पटतं. टॉमला काराव्हाज्जोच्या चित्रांचं वेड लागतं. चारशे वर्षांपूर्वीचा हा चित्रकार, खून करून रोममधून पळालेला. त्याच्या चित्रांत अंधारातून जसा एकच उजेड येतो, तशीच इथली प्रत्येक खोली उजळते. म्हणून पंचवटी एक्स्प्रेसमध्ये खिडकीशी बसून मोबाइलवर बघण्याची ही मालिका नाही. घरचा टीव्ही आणि दिवे बंद, एवढं कराच. आणखी एक अडचण म्हणजे संवाद इंग्रजीत आणि बरेचसे इटालियनमध्ये आहेत, सबटायटल वाचावी लागतात. आई-बाबांना शेजारी बसवून बघायची असेल तर हा विचार आधी करा.

‘तेलगी’चं तसं नाही. हिंदी संवाद, भरत जाधव, शशांक केतकर यांच्यासारखे ओळखीचे मराठी चेहरे आणि थेट आपल्या गावाशी असलेलं नातं. खानापूरचा अब्दुल करीम तेलगी, रेल्वेत फळं विकणारा मुलगा, मुंबईत येतो आणि स्टॅम्प पेपरच्या धंद्यात शिरतो. खरे स्टॅम्प पेपर छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून नाशिकरोडला आहे. नेहरूनगर, जेलरोड, उपनगर या भागात प्रेसमध्ये नोकरी केलेला माणूस नसलेली घरं शोधावी लागतील. प्रेसमधून भंगारात काढलेली यंत्रं तेलगीच्या हाती कशी लागली, हा भाग बघताना इथल्या माणसाला जे वाटतं ते बाहेरच्याला वाटणार नाही.

मात्र पडद्यावरचं सगळं न्यायालयात सिद्ध झालेलं आहे, असं समजू नका. बनावट मुद्रांकाच्या प्रकरणांत तेलगीला तीस वर्षांची शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये शिक्षा भोगत असतानाच तो वारला. पण रेल्वेतून नेले जाणारे मुद्रांक पळवल्याच्या खटल्यात नाशिकच्याच न्यायालयाने २०१८ च्या अखेरीस त्याला, मृत्यूनंतर, आणि इतर आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. ज्यांच्या घरात प्रेसची पेन्शन येते त्यांच्याशी बोलताना तरी हा फरक लक्षात ठेवावा.

तेलगीच्या भूमिकेतल्या गगन देव रियार यांचं काम बघण्यासारखं आहे. मऊ आवाज, समोरच्याची गरज आधी ओळखण्याची हातोटी, अपमान गिळून हसणं, सगळं पक्कं. पण मालिकेला घाई आहे. खोटा स्टॅम्प पेपर अस्सल का वाटतो, तो विकणारी माणसं कशी जमली, हे मला सावकाश बघायचं होतं. त्याऐवजी पाकिटं सरकतात, पुढारी येतात आणि चमकदार वाक्यं ऐकू येतात. तेलगी हुशार आहे हे आपल्याला वारंवार सांगितलं जातं, टॉमची हुशारी मात्र आपल्या डोळ्यांसमोर घडते. पहिले पाच भाग सप्टेंबरमध्ये आले, उरलेले पाच नोव्हेंबरमध्ये. पहिले पाच जास्त सरस आहेत, पुढे चौकशी आणि राजकारण वाढतं आणि तेलगी मागे पडतो. ठगापेक्षा ठगाला पोसणारी व्यवस्था समजून घ्यायची असेल, तर मात्र हीच मालिका बघा.

तिसरं नाव कुणीतरी सुचवेलच, ‘बेटर कॉल सॉल’ ही अमेरिकन मालिका. सहा सीझन, त्रेसष्ट भाग, काही महिन्यांची सोबत. त्यात एक वकील रात्रभर कागद कापून, चिकटवून, झेरॉक्स काढून पत्त्यातले दोन आकडे उलटसुलट करतो, आणि त्या आकड्यांवरून त्याचं सख्ख्या भावाशी असलेलं नातं विस्कटतं. कामाचा ताण नसताना सुरू करा.

तर आधी ‘रिप्ली’, रोज रात्री एकच भाग. भाग पाऊण तासापासून सव्वा तासापर्यंतचे आहेत, एका बैठकीत तीन संपवायचा हट्ट नको. पहिल्या दोन भागांत काहीच घडत नाही असं वाटलं तरी तिसऱ्यापर्यंत थांबा. समुद्रातला तो लांबलचक, जवळजवळ मूक प्रसंग तिथे आहे. तोही लांबवलेला वाटला तर खुशाल बंद करा आणि ‘तेलगी’ लावा.