वारीच्या वाटेवर झेलो : समूहसंवादाच्या वॉकी-टॉकी अ‍ॅपचे परीक्षण

आषाढी वारीत चालणाऱ्या दिंडीचा पसारा रस्त्यावर दिसतो त्याहून बराच मोठा असतो. विणेकरी, टाळकरी, पताकाधारी आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या महिला पालखीसोबत चालत असतात, त्याच वेळी राहुट्या, भांडी आणि वारकऱ्यांच्या वळकट्या घेतलेला ट्रक पुढच्या मुक्कामाच्या तळाकडे निघालेला असतो. पाण्याचा टँकर एखाद्या भरणा केंद्रावर रांगेत उभा असतो, आचारी मंडळी दुपारच्या विसाव्याच्या जागी पंगतीची तयारी करत असतात आणि पाय सुजलेल्या वारकऱ्यांना घेऊन येणारी जीप या सर्वांच्या मागे राहिलेली असते. या साऱ्यांना दिवसभर एकमेकांची खबर लागते आणि ती वेळेवर मिळाली नाही तर त्याचा त्रास शेवटी चालून थकलेल्या माणसालाच होतो. आमच्या दिंडीत या कामासाठी झेलो हे वॉकी-टॉकी अ‍ॅप वापरले जाते आणि हे परीक्षण त्या वापराच्या आधारे लिहिले आहे. माझे मत आधीच नोंदवतो : विखुरलेल्या गटाला एकत्र ठेवण्यासाठी याहून सोयीचे मोफत साधन माझ्या पाहण्यात नाही, मात्र बोलण्याची शिस्त गटाने स्वतः घालून घेतली नाही तर त्याचा उपयोग निम्म्याने कमी होतो.

झेलो हे अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरातील कंपनीचे अ‍ॅप असून ते पूर्वी लाउडटॉक्स या नावाने सुरू झाले होते. व्यक्तिगत वापरासाठी ते विनामूल्य आहे आणि व्यवसायांसाठी त्याची सशुल्क आवृत्ती निराळी आहे. अँड्रॉइड व आयफोन दोन्हींवर ते चालते. वापरण्याची रीत अगदी सोपी आहे. पडद्याच्या मध्यभागी एक मोठे गोल बटण असते. ते दाबून धरायचे, बोलायचे आणि बोलणे संपले की सोडायचे. चॅनेलवर, म्हणजे अ‍ॅपमधील समूहाच्या बोलण्याच्या जागी, जेवढे लोक जोडलेले असतील त्या सर्वांच्या फोनमधून आवाज लगेच बाहेर पडतो. कोणाला फोन उचलावा लागत नाही, कोणाला निरोप उघडून ऐकावा लागत नाही. एका वेळी एकच जण बोलू शकतो, त्यामुळे दहा जणांचा गलका होत नाही.

हे वाचताना व्हॉट्सअ‍ॅपवरील ध्वनिसंदेश काय वाईट, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. ध्वनिसंदेश निवांत असणाऱ्या माणसासाठी चांगला, पण ज्याचे दोन्ही हात कणकेत आहेत त्या आचाऱ्याला फोन हातात घेऊन, गट उघडून, न ऐकलेले संदेश एकामागून एक दाबत बसता येत नाही. समूहकॉल करावा तर प्रत्येकाने तो स्वीकारायला हवा, ज्याने स्वीकारला नाही तो बाहेर राहतो, आणि संपूर्ण वेळ सर्वांकडचा गोंगाट सर्वांना ऐकू येत राहतो. झेलोचा फोन चुलीपासून दूर फळीवर ठेवलेला असतो आणि आवाज आपोआप येतो. पंगत किती वाजता बसेल, हे विचारले गेले की आचारी जवळच्या मुलाला बटण दाबायला सांगून उत्तर देतात. ज्यांना टंकलेखनाची सवय नाही आणि ज्यांना लहान अक्षरे वाचता येत नाहीत, अशी वयस्कर मंडळी या अ‍ॅपवर तरुणांच्या बरोबरीने सहभागी होतात. मला ही या साधनाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते, कारण दिंडीतील व्यवस्थेचे खरे ज्ञान त्याच मंडळींकडे असते. कोणत्या गावात पाणी कुठे मिळते आणि पाऊस झाल्यावर कोणत्या शेतातला तळ चिखलाने भरतो, हे नकाशा पाहणाऱ्या मुलापेक्षा अनेक वर्षे ट्रकसोबत येणाऱ्या काकांना अधिक ठाऊक असते.

तांत्रिकदृष्ट्या हा आवाज इंटरनेटवरूनच जातो. बोलणे दाबून लहान आकारात पाठवण्यासाठी यात ओपस ही ध्वनिसंकेतन पद्धती वापरली जाते. ही पद्धती २०१२ मध्ये प्रमाणित झाली आणि सेकंदाला ६ किलोबिट इतक्या कमी वेगापासून ती काम करू शकते. सेकंदाला १६ किलोबिट असा वेग धरला तरी मिनिटभराच्या बोलण्याला सुमारे १२० किलोबाइट लागतात, आणि दिंडीतले निरोप काही सेकंदांचेच असतात. त्यामुळे डेटा संपण्याची काळजी करण्याचे कारण नाही. जिथे चलचित्र उघडत नाही आणि छायाचित्र अर्ध्यावर अडकते, तिथेही छोटा बोललेला निरोप पुष्कळदा पोहोचतो.

पुष्कळदा पोहोचतो, नेहमी नव्हे. येथे एक गैरसमज स्पष्टपणे दूर केला पाहिजे. वॉकी-टॉकी या नावामुळे अनेकांना असे वाटते की हे अ‍ॅप मोबाइलच्या मनोऱ्याशिवाय एका फोनवरून दुसऱ्या फोनवर थेट बोलते. तसे नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळाने ह्यूस्टन परिसर पाण्याखाली गेला, तेव्हा स्वतःच्या होड्या घेऊन निघालेल्या स्वयंसेवकांनी अडकलेल्या लोकांना शोधण्यासाठी झेलोचा मोठा उपयोग केला. पुढच्याच महिन्यात इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडाकडे येत असताना, नेटवर्क नसतानाही हे अ‍ॅप चालते अशी अफवा पसरली आणि लोकांनी ते प्रचंड प्रमाणात उतरवून घेतले. इंटरनेट असल्याशिवाय अ‍ॅप चालत नाही, असा खुलासा तेव्हा खुद्द कंपनीला करावा लागला होता. आपल्याकडे पूर, दरड किंवा डोंगरातील शोधमोहीम यांसाठी हे अ‍ॅप सुचवणाऱ्यांनी ही गोष्ट आधी सांगितली पाहिजे.

वारीत या मर्यादेची प्रचीती दिवे घाटात येते. पुण्यातला मुक्काम आटोपून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवडकडे निघते तो टप्पा आधीच लांब, त्यात घाटाची चढण आणि त्याच अरुंद वाटेवर वारकऱ्यांबरोबर पुण्याहून आलेले हजारो हौशी लोक. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो आणि प्रत्येक जण छायाचित्र किंवा चलचित्र पाठवत असतो. मनोऱ्याची क्षमता मर्यादित असल्याने फोनवर नेटवर्कच्या सगळ्या रेघा दिसत असूनही काहीच पुढे सरकत नाही. अशा वेळी झेलोही गप्प होते आणि त्याला अ‍ॅपचा दोष म्हणता येणार नाही. आम्ही यावर उपाय म्हणून घाटाच्या पायथ्याला वडकीत शेवटची विचारपूस उरकतो आणि त्यानंतरची भेट झेंडेवाडीच्या विसाव्याला, हे तोंडी ठरवून ठेवतो. मधल्या वेळेत कोणी हरवले तर त्याने जागा सोडून शोधत फिरू नये, हेही सर्वांना सांगितलेले असते.

ज्यांना घाटातही बोलणे अखंड हवे आहे त्यांनी खऱ्या रेडिओचा विचार करावा. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील कमी शक्तीचे वॉकी-टॉकी परवान्याशिवाय वापरता येतात. त्यांचा पल्ला डोंगर, वळणे आणि गर्दीत बराच घटतो, पण दिंडीचे पुढचे टोक आणि मागचे टोक जोडण्यापुरते ते उपयोगी आहेत. खरेदी करताना संच याच पट्ट्यातला आणि मान्यताप्राप्त आहे याची खात्री करून घ्यावी, कारण बाजारात परवाना आवश्यक असलेले संचही सर्रास विकले जातात आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीबाबत २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या त्या याच कारणाने. तळावरच्या ट्रकपासून दहा-पंधरा किलोमीटर मागे असलेल्या जीपशी बोलणे मात्र अशा रेडिओला जमणार नाही. तेथे झेलोच हवे.

आता शिस्तीविषयी. आमच्या चॅनेलवर बोलणारा आधी कोणाला हाक मारतो ते दोनदा सांगतो, मग स्वतः कोण ते सांगतो, मग एकाच वाक्यात काम सांगतो. उदाहरणार्थ, ‘टँकर, टँकर, दिंडी बोलतेय. आम्ही जेजुरीच्या अलीकडे आहोत, तळावर पाणी पोचलं का, सांगा माउली.’ पलीकडून उत्तर येते, ‘माउली, टँकर तळावर लागलाय, दिंडीनं सावकाश यावं.’ ज्याच्यासाठी निरोप आहे त्याने तो थोडक्यात परत म्हणून दाखवला नाही, तोवर निरोप पोहोचला असे धरायचे नाही. हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आपण बोललो आणि बटण सोडले म्हणजे सर्वांनी ऐकले असेलच, असे नसते. कोणाचा फोन त्या क्षणी नेटवर्कबाहेर असू शकतो, कोणाजवळून त्याच वेळी मृदंग वाजत गेलेला असू शकतो. बटण दाबल्यावर लगेच बोलायला सुरुवात केली तर पहिला शब्द कापला जाण्याची शक्यता असते, म्हणून क्षणभर थांबून बोलावे. ‘नको’ आणि ‘हवे’ यांतला फरक ज्या शब्दावर अवलंबून आहे तो शब्द वाक्याच्या आरंभी ठेवू नये.

चॅनेलवर रामकृष्णहरीचे संदेश, गाणी, सकाळच्या शुभेच्छा येऊ लागल्या की कामाची माणसे आवाज बंद करतात आणि मग खरा निरोपही त्यांना ऐकू येत नाही. म्हणून चॅनेल चालवणाऱ्याकडे अ‍ॅपने जे अधिकार दिले आहेत ते त्याने संकोच न करता वापरावेत. कोणाला बोलू द्यायचे आणि कोणाला फक्त ऐकू द्यायचे, हे ठरवता येते, आणि नियम न पाळणाऱ्याला थांबवताही येते. वडीलधाऱ्या माणसाला असे थांबवणे जड जाते, हे मान्य आहे. त्यांच्याशी आधी प्रत्यक्ष बोलून घ्यावे.

दिंडीतील अभंग चालू असताना खिशातल्या फोनमधून टँकरची चौकशी मोठ्याने ऐकू येणे हे भजनात व्यत्यय आणणारे आहे आणि ते टाळलेच पाहिजे. आमच्याकडे चालणाऱ्यांपैकी एकाच सेवेकऱ्याकडे झेलोचा फोन असतो, तो दिंडीच्या शेवटी चालतो आणि एका कानात इअरफोन ठेवतो. विणेकऱ्याच्या किंवा टाळकऱ्यांच्या रांगेत फोन असू नये. अ‍ॅपमध्ये स्वतःची स्थिती ‘व्यस्त’ अशी ठेवली तर येणारे निरोप वाजत नाहीत पण साठून राहतात आणि नंतर ऐकता येतात. समाजआरतीच्या वेळी ही सोय फार उपयोगाची आहे.

पावसात ओल्या बोटाने पडद्यावरचे बटण दाबून धरणे कठीण जाते. अँड्रॉइड फोनवर आवाज कमी-जास्त करण्याच्या बाजूच्या बटणाला बोलण्याचे काम नेमून देता येते. तसे केले की फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवूनही बोलता येते. दाबून धरण्याऐवजी एकदा दाबून बोलणे सुरू व पुन्हा दाबून बंद अशी मांडणीही करता येते, पण बंद करायचे राहून गेले तर चॅनेल अडून राहते, म्हणून ती मी सुचवणार नाही. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली अनेक फोन मागे चालू असलेली अ‍ॅप्स गुपचूप बंद करतात. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन झेलोला त्यातून वगळले नाही तर तासाभराने माणूस चॅनेलवर नसतोच आणि हे त्याला कळतही नाही. अ‍ॅप चालत नाही अशा ज्या तक्रारी माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ येथेच निघाले. दिवसभर चालू ठेवायचे तर पॉवरबँक सोबत हवीच.

ट्रक आणि जीपमध्ये फोन चालकाकडे देऊ नये. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेनुसार वाहन चालवताना हातात मोबाइल वापरणे हा गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी वारकऱ्यांनी भरलेल्या रस्त्यावर चालकाचे लक्ष क्षणभरही विचलित होता कामा नये. शेजारी बसलेल्या सेवेकऱ्याने ऐकावे आणि त्यानेच बोलावे.

गोपनीयतेबाबत थोडेच पण निश्चित सांगतो. चॅनेल सर्वांसाठी खुले ठेवू नये, त्याला पासवर्ड ठेवावा, कारण महिलांची राहुटी कुठे आहे आणि मागे कोण एकटे राहिले आहे ही माहिती अनोळखी कानांवर पडण्याचे कारण नाही. खात्याचा पासवर्ड इतर कुठेही वापरलेला नसावा. २०२० मध्ये कंपनीच्या सर्व्हरवर अनधिकृत हालचाल आढळल्यावर आणि पुन्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये, असे दोनदा वापरकर्त्यांना पासवर्ड बदलावे लागले आहेत. वारी संपली की आम्ही चॅनेलचा पासवर्ड बदलतो आणि पुढच्या ज्येष्ठात नवी यादी तयार करतो. नव्या माणसाला जोडण्यासाठी क्यूआर कोड दाखवला की पुरते, त्यामुळे हे काम आळंदीतच, प्रस्थानाच्या आदल्या दिवशी, समोर बसवून करून घ्यावे आणि प्रत्येकाकडून एकदा बोलून घ्यावे.

वाखरीला मात्र आम्ही या अ‍ॅपवर विसंबत नाही. तेथे निरनिराळ्या पालख्या एकत्र येतात, गर्दी इतकी होते की दिवे घाटातली स्थिती दिवसभर टिकते, आणि नेटवर्क कधी मिळेल हे सांगता येत नाही. आदल्या रात्री भंडीशेगावच्या तळावरच जेवणाची जागा, ट्रक उभा करण्याची जागा आणि हरवलेल्यांनी थांबण्याची जागा सर्वांना तोंडी सांगितली जाते, वयस्कर वारकऱ्यांच्या खिशात तीच माहिती कागदावर लिहून दिली जाते, आणि जीपसोबतचा सेवेकरी ठरलेल्या वेळी त्या जागी स्वतः फेरी मारून येतो.