सीएस५० की एनपीटीईएल: नवशिक्याने कोठे आरंभ करावा?

डोंबिवली ते सीएसएमटी हा रोजचा लोकलप्रवास करून उरलेल्या वेळात प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्यांपुढे हे दोन पर्याय बहुधा येतातच: सीएस५० हा हार्वर्ड विद्यापीठाचा संगणकशास्त्राचा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम, तर एनपीटीईएल हे आयआयटींसारख्या संस्थांचे ऑनलाइन अभ्यासक्रम देणारे भारतीय व्यासपीठ. हार्वर्डचा सीएस५० आठवडे शून्यापासून मोजतो (मोजणी बहुधा शून्यापासून करणाऱ्या संगणकशास्त्राला शोभणारी खोडी!), ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवण्याच्या स्क्रॅच या भाषेने सुरुवात करून लगेच सी भाषेकडे वळतो आणि चौथ्या आठवड्यात मेमरी व पॉइंटर (मेमरीतील जागेचा पत्ता साठवणारे चल) समोर आणतो, नवशिक्याचा खरा कस तेथेच लागतो, कारण व्याख्यान समजले असे वाटूनही गृहपाठ सोडवताना अख्खा रविवार खर्ची पडतो. मात्र त्या झटापटीतूनच संगणक आतून कसा चालतो हे उमगते, आणि पुढे पायथॉन आल्यावर ती भाषा किती कष्ट वाचवते हेही कळते.

एनपीटीईएलवरील आयआयटी रोपडचा ‘जॉय ऑफ कॉम्प्युटिंग’ हा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम थेट पायथॉन हाती देतो. त्यातील साप्ताहिक गृहपाठाच्या मुदती पाळाव्या लागतात, आणि प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून परीक्षा केंद्रावर जावे लागते. स्वतःहून नियमित न बसणाऱ्याला ही शिस्त उपकारक ठरते. वेळ अनिश्चित असलेल्या पाळीच्या नोकरदाराला मात्र मी सीएस५०च सुचवीन, कारण तो आपापल्या गतीने शिकता येतो.