स्पायडरमॅन पाहायचा ठरवला, पण सुरुवात कोणत्या चित्रपटापासून?

ज्यांनी स्पायडरमॅनचा एकही चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी चार चाहत्यांना विचारले तर चार वेगळी उत्तरे मिळतात. २००२ पासून टोबी मॅग्वायर, अँड्र्यू गारफिल्ड आणि टॉम हॉलंड या तीन नटांनी स्वतंत्र मालिकांमध्ये ही भूमिका केली आणि २०१८ पासून एक अ‍ॅनिमेशन मालिकाही आली. प्रत्येक पिढीला आपलाच नट खरा वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून निवड करताना मी मूळ कॉमिककडे वळतो. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी घडवलेला पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडरमॅन, ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकात अवतरला. अंगी शक्ती आल्यावर हा शाळकरी मुलगा एका चोराला सहज अडवू शकला असता, पण तो त्याला जाऊ देतो आणि पुढे तोच चोर त्याच्या बेन काकांचा जीव घेतो. तेव्हापासून पीटर लोकांना वाचवत राहतो आणि त्याची किंमत स्वतः मोजत राहतो. ही किंमत ज्या चित्रपटात प्रेक्षकाला जाणवते, तो मला मूळ पात्राच्या सर्वांत जवळचा वाटतो.

या कसोटीवर मॅग्वायरच्या मालिकेचे दिग्दर्शक सॅम रायमी यांचा २००४ चा दुसरा चित्रपट अजूनही सर्वांत पुढे आहे. त्यातला पीटर पिझ्झा वेळेवर पोहोचवू शकत नाही म्हणून नोकरी गमावतो, खोलीचे भाडे थकवतो, कॉलेजात मागे पडतो आणि अखेर आपला पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून जातो. हे शेवटचे दृश्य ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ या कॉमिकच्या १९६७ च्या ५० व्या अंकातल्या प्रसिद्ध चित्रावरून घेतलेले आहे, पण ते चित्र माहीत नसणाऱ्यालाही त्यातला थकवा कळतो. सुसाट सुटलेली आगगाडी थांबवून बेशुद्ध पडलेल्या पीटरला प्रवासी हातोहात डब्यात घेतात, मुखवट्यामागे एक कोवळा मुलगा आहे हे पाहतात आणि ते गुपित जपण्याचा शब्द देतात. ज्या शहरासाठी तो झिजतो, त्या शहराने त्याला काही परत दिल्याचा हा क्षण मला कितीही वेळा पाहिला तरी हलवून सोडतो.

या मालिकेवरचे आक्षेपही खरे आहेत. कॉमिकमधला पीटर मनगटावरचे जाळे फेकणारे यंत्र आणि त्यातले रसायन स्वतः बनवतो. रायमींनी जाळे थेट त्याच्या मनगटातूनच काढले, तेव्हा त्याच्या हुशारीचा पुरावाच पुसला गेल्याची तक्रार जुन्या वाचकांनी केली. मारामारीत अखंड चालणारी त्याची थट्टामस्करीही इथे फारशी नाही, आणि कॉमिकमधल्या पीटरच्या मनमोकळ्या प्रेयसीला, मेरी जेनला, तिन्ही चित्रपटांत सुटकेची वाट पाहत ठेवले आहे. २००७ चा तिसरा भाग तीन खलनायकांच्या गर्दीत हरवतो. वृत्तपत्राचा संपादक जेमसनच्या भूमिकेतल्या जे. के. सिमन्स यांच्याबद्दल मात्र चाहत्यांत क्वचितच दुमत आढळते. २०१९ मध्ये हॉलंडच्या मालिकेत जेमसन आणायची वेळ आली, तेव्हा पुन्हा त्यांनाच बोलावले गेले.

मार्क वेब यांच्या, गारफिल्डच्या भूमिकेतल्या २०१२ आणि २०१४ च्या चित्रपटांत जाळ्याचे यंत्र परतले, थट्टा परतली आणि एमा स्टोनच्या रूपाने पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी स्वतःच्या बुद्धीने वागणारी व्यक्ती म्हणून उभी राहिली. १९७३ च्या १२१ व्या अंकात ग्वेनच्या वाट्याला जो करुण प्रसंग येतो, तो टाळण्याचा मोह दिग्दर्शकाने आवरला, हे मला फार मोलाचे वाटते. परंतु दुसऱ्या भागात पुढच्या चित्रपटांची पेरणीच इतकी आहे की मूळ कथा गुदमरते, आणि ते पुढचे चित्रपट कधी आलेच नाहीत.

खरा वाद हॉलंडवरून होतो. आपल्या पहिल्या स्वतंत्र चित्रपटाच्या वेळी मॅग्वायर २६ वर्षांचा, गारफिल्ड २८ वर्षांचा आणि हॉलंड २१ वर्षांचा होता. त्यामुळे जॉन वॉट्स यांच्या मालिकेतली शाळा प्रथमच खरी वाटते. २०१७ च्या चित्रपटात ढिगाऱ्याखाली दबलेला पीटर स्वतःला सावरून उठतो, ते दृश्य थेट १९६६ च्या ३३ व्या अंकाची आठवण करून देते. तरीही टोनी स्टार्कने, म्हणजे अब्जाधीश आयर्न मॅनने, दिलेला अत्याधुनिक पोशाख घालणारा हा मुलगा श्रीमंत गुरूचा शागीर्द ठरतो आणि बेन काकांची जागा रिकामी राहते, हा आक्षेप मला पटतो. त्याला उत्तर मिळते ते २०२१ च्या तिसऱ्या भागात, जिथे ‘मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारीही येते’ हे प्रसिद्ध वाक्य मे काकूच्या तोंडी येते आणि शेवटी पीटर एका लहानशा खोलीत एकटा राहून स्वतःचा पोशाख स्वतः शिवतो. मात्र त्यात मॅग्वायर आणि गारफिल्ड यांचे पीटरही परततात, म्हणून हा चित्रपट आधीच्या दोन्ही मालिकांच्या खांद्यावर उभा आहे. त्या न पाहता तो पाहिला, तर गारफिल्डच्या एका झेपेमागचे दुःख कळत नाही, आणि अनेक चाहत्यांनी त्याच्याविषयीचे मत बदलले ते त्या झेपेनंतरच.

अ‍ॅनिमेशन मालिकेचा नायक पीटर नसून माइल्स मोरालेस हा दुसरा स्पायडरमॅन आहे. २०११ मध्ये ब्रायन मायकल बेंडिस आणि सारा पिचेली यांनी घडवलेल्या या मुलाला २०१८ च्या ऑस्करविजेत्या चित्रपटाने घरोघरी पोहोचवले. छपाईचे ठिपके, किंचित सरकलेले रंग आणि पानावरच्या चौकटी पडद्यावर आणून या चित्रपटाने कॉमिक वाचण्याचा अनुभवच जिवंत केला. २०२३ चा पुढचा भाग भारतात मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यात मुंबई व मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून रचलेले ‘मुंबॅटन’ शहर आहे. तिथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर मूळचा २००४ च्या भारतीय कॉमिकमधला. त्या कॉमिकमध्ये पीटरचीच गोष्ट नावे बदलून सांगितल्यासारखी वाटत होती. चित्रपटाने त्याला स्वतःचा उत्साही, थोडा बढाईखोर स्वभाव दिला आहे.

तेव्हा प्रौढ प्रेक्षकाने २००२ आणि २००४ चे चित्रपट आधी पाहावेत, गारफिल्डचे दोन वगळू नयेत आणि हॉलंडकडे त्यानंतर वळावे. घरात मुले असतील तर २०१८ च्या अ‍ॅनिमेशनपटापासून सुरुवात करणेच उत्तम, कारण त्यासाठी पूर्वतयारी लागत नाही. २०२३ चा भाग ऐन वळणावर अर्धाच थांबतो, हे मात्र त्यांना आधी सांगून ठेवावे.