एक्झिक्युटिव्ह कोचिंग : कंपनीच्या खर्चाने मिळणारा सल्ला कितपत आपला?

वरिष्ठ व्यवस्थापकांना कोचिंग, म्हणजे कामाच्या पद्धतीविषयी वैयक्तिक मार्गदर्शन, देणाऱ्या एका संस्थेची सेवा मी कंपनीच्या खर्चाने घेतली. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे नोंदवलेले गुणदोष बहुतांशी या प्रकारच्या सेवेचेच आहेत.

स्वतःला कोच म्हणवून घ्यायला बहुतेक ठिकाणी परवाना लागत नाही, त्यामुळे निवडीच्या वेळीच चौकशी केलेली बरी. कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या संघटनेच्या प्राथमिक श्रेणीसाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो, तर सर्वोच्च 'मास्टर' श्रेणीसाठी २०० तासांचे प्रशिक्षण आणि २,५०० तासांचा अनुभव. या संस्थेच्या माहितीपत्रकात कोचच्या जुन्या पदांची यादी ठळक होती; श्रेणी मात्र विचारल्यावरच कळली.

सेवेचा सर्वांत सकस भाग म्हणजे वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालचे लोक यांच्याकडून गोळा केलेला ३६० अंशी अभिप्राय. अनेक ठिकाणी यासाठी प्रश्नावली पाठवून गुणांची सरासरी काढतात. इथे कोचने प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून, कोणी काय म्हटले ते उघड होणार नाही अशा रीतीने अहवाल लिहिला. काम सोपवण्यात पाचपैकी तीन गुण मिळाले, एवढ्यावरून काय बदलायचे ते समजत नाही. 'काम आमच्याकडे येते, निर्णयाचा अधिकार येत नाही' असे एखादे वाक्य मात्र पुढच्याच बैठकीत उपयोगी पडते. अभिप्राय दिला की सुधारणा होतेच, हाही गैरसमज आहे. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी घसरलेली दिसली. रोख कामावरून हटून माणसाच्या स्वतःविषयीच्या प्रतिमेवर गेला की परिणामकारकता कमी होते, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या कोचने अहवालातील बहुतेक मुद्दे बाजूला ठेवून केवळ दोन सवयी निवडल्या आणि प्रत्येक सत्रात त्यांचाच पाठपुरावा केला, हे मला त्यामुळेच पटले.

व्यक्तिमत्त्व चाचणीवर खर्च झालेले सत्र मात्र वायाच गेले. मानसशास्त्रज्ञ युंगच्या सिद्धान्तावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी तयार केलेल्या या चाचणीत माणसाला सोळांपैकी एका प्रकारात बसवतात; पण काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की अनेकांचा प्रकार बदलतो. गप्पांना विषय म्हणून ती ठीक आहे, पण तिच्या आधारे कोणती जबाबदारी पेलेल हे सांगणे धाडसाचे आहे. (अहवालाची छपाई सुरेख होती, हे मान्य करायला हवे.)

माझा मुख्य आक्षेप करिअरविषयक सल्ल्याबद्दल आहे. पैसे कंपनी मोजते, सल्ला अधिकारी घेतो, आणि उद्दिष्टे ठरवण्याच्या पहिल्या बैठकीत कोच, अधिकारी आणि त्याचा वरिष्ठ असे तिघेही असतात. आहे त्या पदावर अधिक परिणामकारक कसे व्हावे, या प्रश्नापुरती ही रचना उत्तम चालते. परंतु पदोन्नती रखडली असेल, दुसऱ्या विभागात जायचे असेल किंवा नोकरीच सोडावी असे मनात असेल, तर तिघांचे हितसंबंध वेगळे होतात. आमच्या कोचने गोपनीयता कसोशीने पाळली. तरीही असा विषय निघाला की त्यांची उत्तरे गुळमुळीत होत, आणि त्याचा दोष त्यांना पूर्णपणे देता येत नाही. मनुष्यबळ विभागाला काय कळवले जाईल हे संस्थेने करारातच लिहून द्यायला हवे होते: फक्त सत्रांची उपस्थिती, ठरलेल्या उद्दिष्टांवरील प्रगती, की आणखी काही. ते तोंडी सांगण्यात आले.

नव्याने मोठा विभाग हाती आलेल्या व्यवस्थापकाने ही सेवा अवश्य घ्यावी, मात्र चाचणीऐवजी एक जादा सत्र मागून घ्यावे. नोकरी बदलण्याच्या विचारात असलेल्याने स्वतःच्या पैशाने वेगळा कोच शोधावा.