धर्मादाय कार्यालयाची सेवा: एका विश्वस्ताचा अभिप्राय

आमच्या खान्देशातील गावच्या देवस्थानाचे विश्वस्त बदलले, म्हणून धर्मादाय कार्यालयात, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात, जावे लागले. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार असा बदल ९० दिवसांत कळवावा लागतो. कोणती कागदपत्रे जोडायची हे कर्मचाऱ्यांनी आपुलकीने समजावले. मात्र मंजुरीचा आदेश फार उशिरा मिळाला आणि तोवर बँकेने नव्या विश्वस्तांच्या सह्या स्वीकारल्या नाहीत, हे लहान संस्थेला परवडत नाही.

तरीही या यंत्रणेचे खरे मोल कलम ३६ मध्ये आहे, असे माझे ठाम मत आहे. देवस्थानाची स्थावर मालमत्ता विकायची किंवा शेतजमीन १० वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्यामुळे तापीकाठच्या सुपीक केळीच्या जमिनीवर डोळा ठेवणाऱ्यांना चार विश्वस्त हाताशी धरून व्यवहार परस्पर उरकता येत नाही. गैरव्यवहार सिद्ध झाल्यास विश्वस्ताला पदावरून दूर करण्याचाही अधिकार आहे.

याच यंत्रणेच्या देखरेखीखालील धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के खाटा मोफत राखीव असतात, हे मात्र ग्रामीण रुग्णांना क्वचितच ठाऊक असते. त्याचा फलक कार्यालयाच्या दर्शनी भागात, शक्य तर अहिराणीतही, लावावा.